पाइटल फार्मच्या दोन खुंट्या

१

अँब्रोझ गॅरड मेला तो मे महिन्यातल्या एका शुक्रवारी, भर सकाळी, स्वतःच्या बैठकीच्या खोलीत. चारशे वर्षं मुकाट्याने भार वाहिलेली ओकची तुळई एका टोकाने निखळली आणि थेट त्याच्या छातीवर आली. त्याची बहीण हेस्टर तेव्हा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती म्हणते, आवाज काही फार मोठा झाला नाही.

दुपारपर्यंत आमच्या ब्रॅकनम गावाने निकाल देऊन टाकला होता. घर कुजलं होतं, आज ना उद्या पडणारच होतं. परवापर्यंत हीच माणसं आल्यागेल्याला ते घर अभिमानाने दाखवायची. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथे अख्खं गाव फिरलं.

मी गावचा सुतार, वॉल्टर शेल्ड्रेक. पाइटल फार्मच्या घराची डागडुजी आधी माझ्या बापाने केली आणि गेली चव्वेचाळीस वर्षं मी करतोय. त्या घरात कुजलेलं काय आहे ते मला तोंडपाठ आहे: मागच्या दाराचा उंबरठा आणि उत्तरेच्या कोपऱ्यातला एक वासा. बाकीचा ओक असा, की खिळा मारायला जावं तर खिळाच वाकतो. म्हणून मला पहिल्यांदा राग आला. अँब्रोझ माझा शाळासोबती. त्याच्या जाण्याचं दुःख नंतर आलं, आधी राग आला, हे कबूल करतो.

शनिवारी सकाळी हेस्टर माझ्या कामाच्या शेडमध्ये आली. सहासष्ट वर्षांची, काडीसारखी बाई. दारातून माझ्यापर्यंत येईस्तोवर दोनदा खोकली.

"वॉल्टर, कौन्सिलचा माणूस येऊन गेला. घर धोकादायक आहे म्हणे. पाडणार म्हणतो."

"आधी बस तरी."

"बसायला नाही आले मी. गुरुवारी कॉरोनर मृत्यूची चौकशी पुरी करणार. लाकडाबद्दल तुलाच बोलावलंय ना?"

"हो. कालच निरोप आला."

"मग सांग त्यांना, की माझ्या घराने माझ्या भावाला मारलं नाही." तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. "त्या घरात जन्मले मी. एक रात्र बाहेर झोपले नाही. आता कुठे पाठवणार मला? त्या कौन्सिलच्या बैठ्या घरात? भिंती बघितल्यास त्याच्या? शेजारणीने नाक शिंकरलं तरी आपण रुमाल शोधायचा!"

मला हसू आलं, पण तिला आलं नाही.

"घराने नाही मारलं, तर मग कुणी मारलं, हेस्टर?"

"ते तू शोध," ती म्हणाली. "सुतार तू आहेस."

२

त्याच दुपारी मी पाइटलला गेलो. घरात कुणी नव्हतं. हेस्टर पाद्रीबुवांकडे अंत्यविधीचं ठरवायला गेली होती.

खोलीत तुळई तिरकी पडली होती. पुढच्या भिंतीच्या खांबात तिचं एक टोक अजून अडकलेलं, दुसरं खाली जमिनीवर. मागच्या भिंतीचा खांब जागच्या जागी उभा होता. वरच्या खोलीतल्या फळ्या फाटून खाली लोंबत होत्या आणि त्यांतून घरंगळलेली जवाच्या पिठाची सहा पोती कोपऱ्यात पडली होती. दोन फुटली होती. पोलीस शिपायाने पिठातून वाट काढत अँब्रोझला बाहेर नेलं होतं. त्याच्याकडून मला दोन गोष्टी कळल्या होत्या. अँब्रोझ उताणा पडला होता आणि त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता.

आमच्याकडची ही जुनी घरं म्हणजे आधी लाकडाचा सांगाडा आणि मग खांबांच्या मध्ये कुडाच्या भिंती. माती पडली तरी घर पडत नाही. तुळईच्या टोकाला जिभेसारखं कोरलेलं असतं, त्याला आम्ही कुसू म्हणतो. कुसू खांबाच्या खाचेत जातं आणि खांबातून आरपार दोन लाकडी खुंट्या मारल्या की सांधा पक्का होतो. अख्ख्या घराला लोखंडाचा एक खिळा लागत नाही.

मी कंदील घेऊन गुडघ्यावर बसलो. तुळई कुजून पडली असती तर कुसू भुसभुशीत असायला हवं होतं. मी पटाशी टेकवून दाबली. पटाशीचं पातं आत जाईना. बरं, खुंट्या तुटल्या असत्या तर कुसवाची भोकं फाटली असती. भोकं गोल होती, कालच गिरमिटाने पाडल्यासारखी.

मग मी मागच्या खांबाकडे वळलो. खोलीच्या बाजूला दोन्ही खुंट्यांची काळीभोर डोकी नेहमीच्या जागी होती. मी नुसता अंगठा लावला, तर एक डोकं बुचासारखं माझ्या हातात आलं.

ते जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढं होतं. मागच्या बाजूने बारीक दाताच्या करवतीने सरळ कापलेलं. दुसरंही तसंच. पुढे भोक रिकामं.

कुणीतरी दोन्ही खुंट्या काढल्या होत्या, त्यांची डोकी कापून परत बसवली होती, आणि त्या तुळईखाली माणसं रोज बसून चहा पीत होती.

३

घर पडावं असं वाटणारी तीन माणसं मला माहीत होती. सोमवारी मी एकेकाला गाठलं.

पहिला पर्सी क्लाउटिंग. हा जुनी घरं उतरवतो आणि त्यांचा ओक लंडनच्या हौशी लोकांना विकतो. पाइटलच्या तुळया त्याने तीनदा मागितल्या होत्या आणि तीनदा हेस्टरने त्याला केरसुणी दाखवली होती. खुंटी कशी काढायची हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"माझ्याकडे असा बघू नकोस, वॉल्टर," तो लाकडाच्या ढिगावर बसून चीजपाव खात म्हणाला. "मला घर पडून काय मिळणार? कौन्सिलने पाडायचा हुकूम काढला की त्यांचा ठेकेदार येतो. तो काय करतो माहितीय? जाळतो! धोकादायक घराचं लाकूड विकायचं नाही असा नियम आहे त्यांचा. त्या घरातल्या एकेका खांबासाठी मी जीव टाकतो, बाबा. हेस्टर मरायची वाट बघत होतो, हे खरं. अँब्रोझची नाही."

इतकं निर्लज्ज बोलणं खोटं नसतं.

दुसरा डेनिस, त्या दोघांच्या भावाचा मुलगा. शेत त्यालाच जायचं होतं आणि जुन्या घराच्या जागी त्याला गोठा हवा होता. हे तो कुणापासून लपवत नसे. मी गेलो तेव्हा तो ट्रॅक्टरखाली आडवा होता.

"वर पोती कुणी नेली, डेनिस? घरात, मे महिन्यात, कोठार रिकामं असताना?"

तो बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता.

"मीच नेली. गुरुवारी. काकाने सांगितलं म्हणून. मी म्हटलं, अहो काका, वर उंदीर आहेत, पिठाची मेजवानी कुणाला देताय? तर म्हणे, तू नुसता हमाल आहेस, हमालासारखा वाग." त्याने हातातला पाना खाली टाकला. "वॉल्टरकाका, सहा पोती मी वाहिली. मधोमध ठेव म्हणाला, ठेवली. सगळं गाव म्हणतंय की मी मुद्दाम भार टाकला. मी मारलं का हो त्याला?"

"त्याने मधोमध ठेवायला सांगितलं?"

"शपथ घेऊन सांगतो. पण शपथेवर कोण विश्वास ठेवणार? ऐकणारा तर मेला."

डेनिसला मी पाळण्यापासून ओळखतो. हा पोरगा दाराची कडीसुद्धा धड बसवू शकत नाही. तुळई पाडायची असती तर त्याने ती कुऱ्हाडीने तोडली असती आणि आधी स्वतःचाच पाय तोडून घेतला असता.

तिसरा टिबनम, घर पाडायला निघालेला कौन्सिलचा घरतपासनीस. नाकाने कांदे सोलणारा पण सरळ माणूस.

"मिस्टर शेल्ड्रेक, मी ते घर वर्षभरात दोनदा तपासलं. दोन्ही वेळा सुस्थितीत आहे असा शेरा मारला. या सोमवारी, म्हणजे आज, तिसऱ्यांदा जाणार होतो. आता मलाच जाब विचारताहेत, की माणूस मरेपर्यंत काय करत होतास? मला पाडण्याचा हुकूम काढावाच लागेल. तुम्ही गुरुवारी लाकूड चांगलं होतं असं सिद्ध केलंत, तर हुकूम मागे घेईन. आनंदाने घेईन."

"तुम्ही तीन-तीनदा तपासायला जाता ते कुणाच्या सांगण्यावरून?"

"अर्ज आला की जावं लागतं."

"कुणाचा अर्ज?"

त्याने टोपी डोक्यावर घातली आणि खुर्ची सरकवली. "ते मी सांगू शकत नाही. आणि तुम्ही विचारू नये."

४

मंगळवारी मी पुन्हा पाइटलला गेलो, कारण रात्रभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती.

आमच्या कामात खुंटी सरळ बसत नाही. खांबाचं भोक आणि कुसवाचं भोक मुद्दाम किंचित चुकवून पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताना ती वाकत जाते आणि सांधा करकचून ओढून धरते. पुढून जाड, शेपटाला निमुळती. अशी वाकलेली खुंटी डोक्याकडून ओढली तर दहा बैलांना हलणार नाही. गिरमिटाने कोरून काढता येते, पण मग डोकं उरत नाही. डोकं शाबूत ठेवून काढायची तर एकच मार्ग. मागे जायचं, शेपटावर पहार टेकवायची आणि हातोडा घालायचा.

या दोन खुंट्यांची डोकी खोलीत होती. शेपटं खांबाच्या दुसऱ्या अंगाला. आणि त्या अंगाला कुणा आजोबा-पणजोबाच्या काळात फळ्या ठोकून एक अरुंद कोठडी केलेली आहे, हेस्टरचं दूधघर. त्याला एकच दार आणि दाराला कुलूप. डेनिस लहानपणी साय चोरायचा तेव्हापासूनचं.

हेस्टरने कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. आत थंड होतं. लोणी, चुना आणि ओल यांचा वास. भिंती, खांब, फळ्या, सगळं चुन्याने पांढरं केलेलं. इतर खांबांवर खुंट्यांची शेपटं चुन्याखालून बोटाच्या टोकासारखी बाहेर आलेली दिसत होती. मागच्या खांबावर मात्र दोन जागा सपाट होत्या.

मी नखाने खरवडलं. आत खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरली होती आणि वरून चुना. लांबी ताजी नव्हती, वरून घट्ट झालेली, आतून अजून मऊ. म्हणजे दीडदोन महिन्यांची.

"ही किल्ली कुणाकडे असते, हेस्टर?"

"माझ्याकडे. दुसरी नाहीच. झोपतानासुद्धा उशाखाली."

"कधीच कुणाला दिली नाहीस?"

"तुला म्हटलं ना, माझ्याकडे असते." ती खोकत बाहेर गेली. दारातून म्हणाली, "काय सापडलं? घर सुटणार ना माझं?"

मी तसाच हातात लांबीचा गोळा घेऊन उभा राहिलो. घर निर्दोष होतं, ते मी आता कुणालाही दाखवून देऊ शकत होतो. पण ते दाखवलं की कॉरोनरचा पुढचा प्रश्न काय असेल हेही कळत होतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर अंगणात उभं राहून कोंबड्या हाकलत होतं.

५

तिने चहा केला. स्वयंपाकघरात बसलो. समोरची खुर्ची अँब्रोझची. तिने तिच्यावर त्याचा कोट तसाच ठेवला होता.

पन्नास वर्षांची ओळख. तरुणपणी एकदा मी तिला मागणी घालायला म्हणून गेलो होतो आणि दाराची बिजागरी दुरुस्त करून परत आलो होतो. आज विचारायचं तरी कसं, की बाई, भावाला मारलंस का?

म्हणून मी आडून विचारलं. "दूधघराला चुना छान बसलाय. या वयात तुला जमतं?"

"छे रे. या वर्षी त्याने केलं." तिने कोटाकडे मान हलवली. "ईस्टरच्या आधी. पन्नास वर्षांत कधी कुंचला हातात धरला नव्हता. दरसाल मीच करते, तो दारातून चुका काढतो. यंदा म्हणाला, तुझी छाती बरी नाही, चुन्याने खोकला वाढेल, तू दोन दिवस शेजारच्या मॉडकडे बसायला जा. किल्ली मागून घेतली. मी म्हटलं, म्हातारा शहाणा झाला की काय! किती बरं वाटलं मला, वॉल्टर. संध्याकाळी येऊन बघते तर सगळं पांढरंशुभ्र. माझ्यापेक्षा चांगलं. मी मुद्दाम त्याच्या आवडीचे डंपलिंग उकडले."

ती हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल.

मी कप खाली ठेवला.

"तुझ्या छातीबद्दल डॉक्टर काय म्हणाले?"

"मी कशाला जाते डॉक्टरकडे! त्याला काय कळतं."

ती गेली नव्हती. तिच्या छातीचं विचारायला दुसरं कुणी गेलं होतं का, ते आता मला शोधायचं होतं.

६

डेनिसला विचारलं. तो म्हणाला, हो, गेल्या वर्षी जानेवारीत काकाला गाडीने डॉक्टरकडे नेलं होतं. स्वतःचं काही दुखत नव्हतं. आत्याच्या खोकल्याचं विचारायला गेला होता. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि घर येईपर्यंत एकच वाक्य बोलला: "ओल. सगळी त्या भिंतींची ओल." पुढे म्हणे डेनिसला त्याने तंबी दिली, आत्याला बोललास तर कातडं सोलीन.

टिबनमला मी विचारलं नाही, सांगितलं. "अर्ज अँब्रोझचाच होता." त्याने टोपी काढली आणि टेबलावर ठेवली.

"तिन्ही," तो म्हणाला. "पहिला गेल्या वर्षी, मग फेब्रुवारीत, मग एप्रिलच्या शेवटी. दर वेळी लिहायचे, घर पडायला आलंय, आमच्या नावे बैठं घर मंजूर करा. मी जाऊन बघायचो तर घर दगडासारखं. मी त्यांना म्हटलं, मिस्टर गॅरड, तुम्हाला हवं तर सोडून जा, पण धडधाकट घर मी धोकादायक ठरवू शकत नाही. तर म्हणाले, मला कुठे जायचंय? तिला न्यायचंय. ती स्वतःहून हलणार नाही, सरकारने हाकलल्याशिवाय."

आता सगळं सरळ होतं. दूधघरात एकटा, दोन दिवस, हातात किल्ली. खुंट्या मागून ठोकून काढल्या, डोकी कापून पुढे बसवली, मागची भोकं बुजवली, चुना मारला. मग वाट बघितली. तुळई हलली नाही. टिबनमची तिसरी खेप सोमवारी होती, म्हणून गुरुवारी वर सहा पोती, मधोमध. शुक्रवारी सकाळी बहीण बाहेर गेल्यावर तो पेपर वाचायचा चष्मा लावून सांध्याखाली उभा राहिला, किती खाली आलं ते बघायला. त्याला हातभर वाकलेली तुळई हवी होती. टिबनमला घाबरवण्यापुरती.

ती पूर्ण निखळेल असं त्याला का वाटलं नाही, हे फक्त मला माहीत होतं.

युद्धानंतर आम्ही दोघांनी मिळून त्याचं पडकं कोठार उतरवलं होतं. खुंटी शेपटाकडून कशी काढतात हे मीच त्याला तिथे शिकवलं. खुंट्या काढल्यावर तो तुळईखालून पळाला, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. म्हणालो होतो, "अरे भित्र्या, खुंटी गेली म्हणून तुळई कुठे जाते? कुसू खाचेत वीतभर आत असतं. शंभर वर्षं नुसती बसून राहील." आणि खरंच, ती काढायला आम्हाला दिवसभर ठोकावं लागलं.

कोठाराच्या भिंती सरळ होत्या. पाइटलच्या घराची मागची भिंत कित्येक पिढ्यांपासून बाहेर झुकलेली आहे. खुंट्यांची ओढ गेली तसा खांब आणखी बाहेर गेला आणि कुसू खाचेतून सरकत आलं. मी मोजलं, जेमतेम दोन बोटं आत उरलं होतं. आजवर सगळा भार त्या दोन खुंट्यांच्या ओढीवर होता. सुताराने हे बघितलं असतं. शेतकऱ्याने सुताराचं बोलणं लक्षात ठेवलं आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. तुळई अँब्रोझनेच पाडली, पण ती पडणार नाही असं त्याला सांगणारा मी होतो.

७

बुधवारी मी हेस्टरला सगळं सांगितलं. माझ्या थट्टेसकट. ती मध्ये एकदाही खोकलीसुद्धा नाही.

शेवटी म्हणाली, "लाकूड चांगलं आहे?"

"उत्तम आहे. नवी खुंटी मारून, भिंतीला एक आधार देऊन, मी ती तुळई परत बसवू शकतो. तुझ्यामाझ्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल."

"तुझी नाहीत आणि माझीही नाहीत." तिने टेबलावरचे पावाचे कण एका जागी गोळा केले. "उद्या हे सांगितलंस की घर वाचेल."

"हो."

"आणि त्याचं काय?"

"त्याचं नाव सांगावं लागेल. नाहीतर किल्लीवरून तुझ्यावर येईल, नाहीतर पोत्यांवरून डेनिसवर. कागदोपत्री येईल की स्वतःचं घर स्वतः खिळखिळं केलं, सरकारला फसवायला गेला आणि त्यात मेला."

"पबमध्ये हसतील."

"काही जण हसतील."

"नाही, सगळेच हसतील. मीही हसले असते, दुसरा कुणी असता तर." ती उठली आणि खिडकीशी गेली. "त्याने मला विचारलं का नाही रे? एकदा. मी नाहीच म्हणाले असते, पण विचारायचं तरी."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत तिची आणि माझीही.

"वॉल्टर, उद्या सांग की लाकूड कुजलं होतं."

"हेस्टर!"

"कुजलं होतं म्हण. आतून. बाहेरून कळत नव्हतं म्हण, म्हणजे त्या टिबनमलाही बोल लागणार नाही."

"ते तुझं घर पाडतील! तू मला पाठवलंस तेच हे वाचवायला!"

"माहितीय मला कशाला पाठवलं ते!" ती एकदम ओरडली आणि मग खोकल्याने तिला खाली बसवलं. बऱ्याच वेळाने तिचा आवाज परत आला. "तो मला इथून काढायला मेला. आता मी त्याची लाज काढून इथेच बसून राहू? रोज त्या तुळईखाली चहा पिऊ? मला नाही जमायचं. तो हरलाय, त्याला निदान हरवू नकोस आणखी."

"चव्वेचाळीस वर्षांत मी चांगल्या लाकडाला वाईट म्हटलेलं नाही."

"मग एकदा म्हण," ती म्हणाली. "मी मागतेय म्हणून म्हण."

८

गुरुवारी मी शपथ घेतली आणि कॉरोनरसमोर सांगितलं की कुसू आतून कुजलेलं होतं. अपघाती मृत्यू, असा निकाल लागला. डेनिस रडला. टिबनमने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग कागद गोळा केले.

तोपर्यंत मी ते कुसू कापून नेलं होतं आणि शेडच्या शेगडीत घातलं होतं. ते पेटायला दुपार लागली.

हेस्टर जूनमध्ये बैठ्या घरात गेली. कोरडं, उबदार घर. भिंतीत विजेची शेगडी. तिचा खोकला थांबला नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता उशीर झालाय, ओल छातीत कधीच मुरली आहे. हिवाळा काढणार नाही. मी हे तिला सांगितलं नाही. मला वाटतं, तिला माहीत होतं.

जुलैत ठेकेदाराची माणसं आली. धोकादायक घर, एका दिवसाचं काम, असं बोलून त्यांनी साखळी बांधली आणि ट्रॅक्टरने ओढली. कुडाची माती पडली, चुना पडला, सांगाडा जसाच्या तसा उभा. दुसऱ्या दिवशी साखळी तुटली. तिसऱ्या दिवशी मोठं यंत्र आणलं. गाव कुंपणापाशी जमलं होतं. क्लाउटिंग प्रत्येक खांबासाठी हात जोडत होता, ठेकेदार नियम दाखवत होता. एक खांब शेवटी मोडला, तेव्हा आतलं लाकूड सगळ्यांना दिसलं, मधासारखं, एक डाग नाही. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. त्यानंतर ब्रॅकनममध्ये लाकडाबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि मीही शेडवरची सुताराची पाटी काढून टाकली.

अकरा दिवस ते घर पडत नव्हतं. मी रोज संध्याकाळी हेस्टरकडे जायचो. ती शेगडीशेजारी बसलेली असायची, शाल न घेता, कारण शालीची गरज नव्हती. रोज एवढंच विचारायची, "गेलं?" आणि मी म्हणायचो, "अजून नाही." ती मान वळवायची.

बाराव्या दिवशी, सगळं जाळून झाल्यावर, मी गेलो आणि तिने विचारायच्या आधीच सांगितलं.

तिने हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "फार त्रास झाला का रे त्याला?"

"नाही," मी म्हणालो. "पटकन गेलं."